कुंदाचा पुढचा ब्रेक

संपादकांनी फोनवर बजावलं, "मोरेश्वरराव, खरं तेवढंच लिहा." खरं तेवढंच लिहायचं तर पोस्टकार्ड पुरलं असतं, दिवाळी अंकाची पानं कशाला अडवायची? शेवटी मी मधला मार्ग काढला. जिथे थाप मारीन तिथे ती इतकी मोठी मारीन की शेंबड्या पोरालाही कळावं. बाकीचं खरं धरा.

घणसोली गावात माझं सायकलीचं दुकान आहे. बापसाने ते टाकलं तेव्हा दारासमोर भाताची शेतं होती आणि त्यांच्यापलीकडे खाडी. आता समोर टॉवर आहे, आणि तो इतका उंच की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पंप मागवला तर तो पोचेपर्यंत पोराला सायकल लहान होते. खाडीने मात्र आपलं काम सोडलेलं नाही. तिच्या खाऱ्या वाऱ्यात सकाळी चढवलेली नवी साखळी दुपारी चहात बुडवलेल्या खारीसारखी होते. त्या गंजावर आमच्या दोन पिढ्या जेवल्या.

लोकांना वाटतं सायकलवाला म्हणजे पंक्चरवाला. पंक्चर कोणीही काढतो. मी आयुष्यभर ब्रेक बांधले. सायकलीला ब्रेक दोन. मागचा दाबला की सायकल थांबायचा विचार करते, पुढचा दाबला की थांबतेच. कारण साधं आहे. चालती सायकल अडवली की अंगाचं सगळं वजन पुढे जातं. पुढचं चाक रस्त्याला घट्ट धरतं, मागचं हलकं होतं आणि घसरायला लागतं. म्हणजे थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात. पण ही ताकद एकदम लावली तर सायकल थांबते आणि माणूस पुढे निघतो. माझं एक गिऱ्हाईक कोपरखैरण्याला पुलाच्या उतारावर असं निघालं की थेट ऐरोलीत उतरलं. वाटेत रबाळे लागलं तेव्हा त्याने खाली बघून भावाला हातसुद्धा केला.

सेक्टरात सायकलवर इडली विकणारे एक अण्णा होते. मागच्या कॅरियरवर सांबाराचं भलं मोठं पातेलं. ते म्हणायचे, "मोरू, ब्रेक ऐसा बाँधो कि सांबार को मालूम नहीं पडना." त्यांना मी पुढचा ब्रेक बांधून दिला. त्याचे रबर रिमच्या इतके जवळ होते की मधून जाणारी मुंगी पोट आत घ्यायची. अण्णांनी बोट टेकवलं की सायकल थांबायची, म्हैस पाण्याच्या काठाशी थांबते तशी, सावकाश आणि आपल्या मर्जीने. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. पुढचा ब्रेक मुठीचा नाही, बोटाचा आहे. ऐकलं फार थोड्यांनी. त्यातलं एक नाव कुंदा.

कुंदाची सायकल बीएमएक्स होती. बीएमएक्स म्हणजे छोट्या चाकांची, रुंद हँडलची, मातीतल्या शर्यतीची सायकल. मातीचे उंचवटे असतात, त्यांवरून उडायचं, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला मातीची भिंत घातलेली असते, तिला घासून सुसाट निघायचं. शर्यतीच्या या सायकलीला एकच ब्रेक असतो आणि तो मागचा. पुढचा असला तरी रेसवाले काढून टाकतात. वजन वाढतं म्हणतात, मातीत चाक घसरतं म्हणतात, माणूस हँडलवरून जातो म्हणतात. तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या आहेत. चौथं कारण कोणी सांगत नाही. पुढचा ब्रेक म्हणजे आईने जबरदस्तीने घालायला लावलेला स्वेटर. तो घालून मैदानात गेलं की पोरं हसतात.

कुंदा आमच्याच गावची, माझ्या घराच्या दोन घरं पलीकडची. तिचा मामा बोटीवर कामाला होता. त्याने कुठल्याशा बंदरातून भाचीसाठी ती सायकल आणली. चकचकीत, हँडलला गादी, पुढे नंबराची पाटी. तिच्या बापसाने सायकलीला एक प्रदक्षिणा घातली आणि ती उचलून माझ्या दुकानात आणली.

"मोरू, या सायकलीला एकच बिरेक हाय."

"रेसची हाय काका. रेसच्या सायकलीला एकच असतो."

"एक वल्हा घेऊन खाडीत जातंस काय कवा? दुसरा लाव. दोन बिरेक असतील तर पोरगी चालवल, नायतर मालावर टाकतंय." मालावर म्हणजे माळ्यावर, अडगळीत.

मी तेव्हा नुकता मिशी फुटलेला मेकॅनिक होतो. आमच्याकडच्या जुन्या सामानातून एक पुढचा ब्रेक शोधला, बसवला, दोन वायरी ओढल्या आणि ब्रेकच्या दोन्ही मुठी, म्हणजे बोटांनी दाबायच्या दांड्या, हँडलला नीट बांधून दिल्या. कुंदा शेजारी उभी राहून एकेक पेच बघत होती. बापसाच्या अटीवर ती रुसेल असं मला वाटलं होतं. तिने पुढचा ब्रेक दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला आणि म्हणाली, "दादूस, हा तर चांगला हाय."

नवं शहर तेव्हा बांधलं जात होतं. शेतं भूसंपादनात गेली होती आणि त्यांच्यावर मुरुमाचे ढीग पडले होते. इमारती यायच्या होत्या, ढीग आधी आले होते. नव्याने राहायला आलेल्या नोकरदारांच्या पोरांनी त्या ढिगांचा ट्रॅक केला. कुंदा ज्या वळणावर सायकल चालवायची ते वळण तिच्याच बापसाच्या शेतात होतं. तो कधीकधी बघायला यायचा आणि शेजारी उभ्या असलेल्याला सांगायचा, इथून आमचा बांध जायचा.

त्या पोरांत पुढारी समीर. वडील बँकेत, राहायला कोपरखैरण्याला, आत्याने परदेशातून पाठवलेली बीएमएक्स, तिला एकच ब्रेक. पोरगा दिलदार होता, पण जीभ वयाप्रमाणे. कुंदा ट्रॅकवर आली की तो ओरडायचा, "आली रे, दोन ब्रेकवाली भित्री आली." बाकीचे हसायचे. हसता हसता हरायचे.

ती कशी जिंकायची ते सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यावरच आहे. वळण आलं की पोरं लांबूनच मागचा ब्रेक दाबायची. मागचं चाक फरपटायचं, धुरळा उडायचा, बघणाऱ्याला वाटायचं काय शूर आहेत. कुंदा वळणापर्यंत तशीच पायडल मारत यायची. सगळ्यांनी ब्रेक लावल्यावर दोन सायकलींचं अंतर ती अजून पुढे जायची. मग कंबर सीटच्या मागे टाकायची, एका बोटाने पुढचा ब्रेक धरायची, सायकल जागच्या जागी बसल्यासारखी व्हायची, आणि वळायच्या आत बोट सुटलेलं असायचं. पोरं भिंतीकडे वर जायची, ही आतून निघून जायची. बोट एक श्वास जास्त राहिलं असतं तर दात मुरुमात गेले असते. भित्र्या माणसाने करायचं काम ते नव्हे.

मला हे कळायचं, कारण तिची सायकल माझ्याकडे यायची. ब्रेकचे रबर बघितले की चालवणारा कसा आहे ते समजतं. समीरचे मागचे रबर महिनाभरात संपायचे. कुंदाच्या मागच्या रबरावर कारखान्यातली अक्षरं तशीच असायची आणि पुढचे साबणाच्या वडीसारखे झिजलेले. मी हे गावभर सांगितलं. पण मी हेही सांगितलं होतं की कुंदा एकदा खाडीवरून उडी मारून मुलुंडला जाऊन आली, तेव्हा माझ्या साक्षीला किती किंमत असणार?

पुढे ढिगांच्या इमारती झाल्या, कुंदा मोठी झाली, लग्न करून कामोठ्याला गेली. सायकल बापसाने शेवटी मालावर टाकलीच, कुंदाने मागितली नाही म्हणून. त्या वळणावर आता पार्किंग आहे.

मधली वर्षं सोडून देतो. परवापरवाचीच गोष्ट. समीर दुकानात आला. केस गेलेले, पोट आलेलं, हसू तेच. त्याने आणि त्याच्यासारख्या पन्नाशीच्या काहींनी लहानपणच्या बीएमएक्स माळ्यावरून काढून झळाळत्या केल्या होत्या, क्लब काढला होता, आणि उरणच्या रस्त्याला गोदामांच्या मागे मैदान मिळवून ट्रॅक बांधला होता. आता जुन्या सायकलींची शर्यत ठेवायची होती. त्याला माझ्याकडून जुने पेच, जुन्या मुठी हव्या होत्या.

मी म्हटलं, "कुंदाला सांग की. तिची सायकल अजून हाय."

"कोण कुंदा? ती दोन ब्रेकवाली? भित्री?" समीर मोठ्याने हसला. त्यात वाईट काही नव्हतं. जुनी गंमत आठवली की माणूस हसतो तसा हसला.

मी कुंदाला फोन केला आणि जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, देवाची शपथ. ती कुकरच्या शिट्ट्यांमधून ऐकत होती.

"अजून तोच शब्द?" ती म्हणाली.

"तोच."

"तेला सांग, मी येतंय. आन बिरेकसकट येतंय. पुढचा बिरेक लावून वळण कसा घेतात ते एकदा डोळे उघडे ठेवून बघ म्हनाव."

तिला मेडल नको होतं, ते तिने नंतरही दोनदा सांगितलं. तिला एवढंच हवं होतं की जो शब्द तिच्या नावाला चिकटला तो चिकटवणाऱ्याने आपल्या हाताने काढावा.

सायकल मालावरून उतरवली तेव्हा तिच्यात सायकल कमी आणि गंज जास्त होता. ब्रेकचे रबर असे दगड झालेले की त्यावर सुरी लावता आली असती. मी सगळं खोललं. चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढला, नवे रबर, नव्या वायरी, मुठी जिथे होत्या तिथेच. कुंदा कामोठ्याच्या मैदानात पहाटे सराव करायची, सलवार-कमीज, पायात नवऱ्याचे बूट. नवरा कंटेनर यार्डात कामाला. तो बाजूला उभा राहून म्हणायचा, "पडलीस तर जेवन कोन करल?" ती म्हणायची, "पडले तर तूच करशील, म्हनून पडत नाय."

मग नियम आले. पहिला नियम, सायकल मूळ अवस्थेत हवी, जुना भाग काढायचा नाही. दुसरा, पुढचा ब्रेक चालणार नाही. मी तडक समीरला दुकानात बोलावलं.

"दादा, नियम मी एकट्याने केला नाही. जगभर रेसिंग बीएमएक्सला पुढचा ब्रेक नसतो."

"जगभर तांदळाची भाकरीपन नसते. आपन सोडली काय खायची?"

"पन्नाशीची माणसं आहेत हो. एखादा हँडलवरून गेला तर त्याच्या घरच्यांना मी काय सांगू?"

"बाकीच्यांचा काढ. हिचा राहू दे. तिला तो तुझ्या मागच्यापेक्षा चांगला वापरता येतो."

"मोरूदादा, तुम्हीच म्हणाला होतात ना, कुंदा खाडीवरून मुलुंडला गेली होती?"

मी हातातला पाना पुसायला घेतला. शेवटी समीरनेच तोड काढली. ब्रेक सायकलीवर राहू दे, म्हणजे पहिला नियम राहिला. शर्यतीच्या सकाळी फाटकावर त्याची वायर मुठीतून सोडवायची, म्हणजे दुसराही राहिला. मी कुंदाला कळवलं. मला वाटलं, नाव मागे घेईल. ती म्हणाली, "जाऊन तर बगू."

शर्यतीच्या दिवशी फाटकावर रांग लागली होती. समीर एकटा पाच माणसांचं काम करत होता. गळ्यात माईक, कानाला फोन, पाण्याचे कॅन कुठे ठेवायचे ते ओरडून सांगत सायकली तपासत होता. कुंदाचा नंबर आला.

"कुंदाताई, या या. किती वर्षांनी. सायकल काय झकास ठेवलीय." असं म्हणत त्याने डाव्या हाताची मूठ दाबली, वायर सैल केली, तिचं टोक खाचेतून बाहेर काढलं आणि प्लास्टिकच्या पट्टीने हँडलला बांधून टाकलं. "झालं. पुढचा गेला. आता उजवा दाबून दाखवा."

आता इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. परदेशी बीएमएक्सला एकच ब्रेक असतो, तो मागचा, आणि त्याची मूठ उजव्या हाताला. त्यामुळे तिकडे पुढचा बसवलाच तर तो डावीकडे. समीरची सगळी बीएमएक्स आत्याच्या सायकलीवर आणि परदेशी व्हिडिओंवर शिकलेली. त्याच्या डोक्यात डावा म्हणजे पुढचा हे पक्कं होतं. आपल्याकडे उलट असतं. तुमच्या आजोबांच्या काळ्या सायकलीपासून दारातल्या मोटारसायकलीपर्यंत, हाताने दाबायचा पुढचा ब्रेक उजव्या मुठीत. कुंदाच्या बापसाने दुसरा ब्रेक मागितला तेव्हा मी आपल्या गावच्या रीतीने बांधला होता. पुढचा उजवीकडे घातला आणि मूळचा मागचा डावीकडे नेला. वायरी कुठून कुठे जातात ते नंबराच्या पाटीमागे आणि हँडलच्या गादीखाली झाकलेलं.

म्हणजे समीरने कुंदाचा मागचा ब्रेक सोडवला होता.

कुंदाने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. मागे रांगेत कोणीतरी म्हणालं, "चला ना पुढे." कुंदाने उजवी मूठ हळूच दाबली. सायकल जागेवर थांबली.

"बरोबर," फोनवर बोलता बोलताच समीर म्हणाला. "पुढचे."

आत गेल्यावर मी तिला गाठलं. "बाय, मागचा नाय तुला. पुढच्याशिवाय काय नाय."

"मागचा होता कवा?" ती म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा आवळला.

शर्यतीचं वर्णन थाप न मारता करणं मला जमणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. चाकांपुढची आडवी फळी पडली आणि सगळे सुटले. पहिल्या उंचवट्यावर एकाचं पोट त्याच्याआधी पलीकडे पोचलं. दुसऱ्यावर दोघे जण बसून राहिले, अजून बसलेले आहेत म्हणतात. शेवटच्या वळणाला कुंदा तिसरी होती. पुढच्या दोघांनी मागचा ब्रेक दाबला, धुरळा उठला. कुंदा आलीच. मी डोळे मिटणार होतो, मिटले नाहीत. कंबर मागे गेली, उजव्या हाताचं एक बोट आत वळलं, सायकल बसली, बोट सुटलं, आणि ती आतून निघून गेली. अगदी बापसाच्या शेतातलं वळण. मधली सगळी वर्षं तिच्या बोटात जशीच्या तशी राहिली होती.

ती पहिली आली.

मग समीर माईक घेऊन धावत तिच्यापाशी गेला. तो खरोखर हरखला होता, डोळे भरले होते त्याचे. लोक गोळा झाले. तो म्हणाला, "मित्रहो, आज मला एक कबुली द्यायची आहे. लहानपणी आम्ही कुंदाताईंना भित्री म्हणायचो. चूक होती, मी सगळ्यांसमोर माफी मागतो. पण बघा, आज पहिल्यांदा त्यांचा पुढचा ब्रेक सुटला आणि काय मोकळ्या झाल्या. इतकी वर्षं त्यांना फक्त त्या ब्रेकने धरून ठेवलं होतं. आपल्या सगळ्यांचा असा एक पुढचा ब्रेक असतो. तो काढा." टाळ्या पडल्या. खूप पडल्या.

कुंदा मेडल गळ्यात घालून उभी होती. जो शब्द काढायला आली होती तो समीरने काढला होता, आणि काढता काढता कायमचा खरा करून ठेवला होता. मी तोंड उघडलं. आयुष्यात माझं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही असं त्याच वेळी झालं, कारण कुंदाने माझ्या पायावर पाय ठेवला होता. नवऱ्याचा बूट, सहा गावं दबतील एवढा वजनदार.

सायकल टेम्पोत चढवून आम्ही परत निघालो. नवरा पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागे सायकल धरून.

"का गप केलास मना?" मी विचारलं.

"काय सांगणार होतास?"

"खरा."

"मंग काय झाला असता? पयले भित्री होते, आता चोर झाले असते." मग ती म्हणाली, "तेने माफी मागितली, दादूस. रडत मागितली. आन मना एक शब्द पन घेता आला नाय."

त्या भाषणानंतर माझ्या दुकानात पुढचे ब्रेक काढायला माणसं येऊ लागली. शर्यतीच्या सायकली तर आल्याच, ऑफिसला जायच्या सायकलीसुद्धा. "त्या कुंदाताईंसारखं मोकळं व्हायचंय." मी समजावून थकलो. रस्त्यावरच्या सायकलीचा काढायला मी साफ नकार देतो. मग ते पुढच्या दुकानात जातात.

समीरने कुंदाला क्लबात बोलावलं, मुलींना शिकवायला. तिने आधी नाही म्हटलं, मग एक रविवार गेली आणि मग दर रविवारी जाऊ लागली. गावच्या पोरी येतात, टॉवरमधल्या येतात. कुंदाने शिट्टी वाजवली की कावळेसुद्धा रांगेत बसतात. पण तिला तिथे मागच्या ब्रेकवर शिकवावं लागतं आणि मागचा ब्रेक तिने आयुष्यात वापरला नव्हता. म्हणून ती आधी माझ्या दुकानामागच्या गल्लीत येऊन स्वतः शिकली. समीरसारखं, लांबून दाबायचं, चाक फरपटवायचं, धुरळा उडवायचा. पन्नाशीत, स्वतःला येत असलेलं चांगलं विसरून दुसऱ्याचं कच्चं गिरवत. मी बाजूला उभा राहून सांगत होतो, अजून आधी दाब, अजून आधी. इतकं वाईट काम मी कधी केलं नाही.

मध्यंतरी समीर दुकानात येऊन बसला. कोपर खरचटलेलं.

"मोरूदादा, एक कळत नाही. त्या वळणात कुंदाताई आत शिरल्या कशा? मी व्हिडिओ बघून तसंच करायला गेलो, पडलो. मागच्या ब्रेकवर ते होतच नाही."

मला राहवलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. उजवी मूठ, डावी मूठ, त्याच्या हाताने सुटलेली वायर. साधं सांगितलं, मीठ न लावता. तो ऐकत गेला, चेहरा गंभीर झाला. आणि नेमकी तेव्हाच कुंदा दोन मुलींच्या सायकली ढकलत दारात आली.

"ताई," समीर उठून म्हणाला, "दादा सांगतायत की त्या दिवशी मी चुकून तुमचा मागचा ब्रेक सोडवला. तुम्ही पुढच्या ब्रेकवर जिंकलात. खरं आहे?"

कुंदाने माझ्याकडे बघितलंच नाही. ती हसली. "या दादूसच्या नादाला लागतंस? याचा पंप पन हवा कमी भरतं आन बाता जास्त मारतं. मना मुलुंडला कोनी पाठवला, इसरलास काय?"

समीरचा चेहरा सैल झाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं असावं. "मला वाटलंच," तो म्हणाला, माझ्या पाठीवर थाप मारली, आणि चहा न घेताच गेला.

आम्ही दोघं राहिलो.

"तेला विश्वास बसत होता," मी म्हटलं. "बसलाच होता."

"माहीत हाय."

"एक हो म्हनली असतीस तर झाला असता, बाय. तुला तेच पायजे होता ना?"

"होता." ती सायकलीच्या सीटवरची धूळ ओढणीने पुसत होती. "पन या पोरींच्या आया मना बघून पोरी पाठवतात. काकी नियमात चालवते, काकीचा भ्या गेला, तुमचा पन जाईल, असा सांगून पाठवतात. हो म्हनले तर रविवारी मैदानात कोन येल? तूच सांग." तिने एक सायकल माझ्यापुढे उभी केली. "आता यांचा काढ," ती म्हणाली. "परवा यांची पयली रेस हाय."

दोन्ही सायकली नव्या होत्या, दोन्हींना पुढचे ब्रेक. मी पाना घेतला. ब्रेक काढला की पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मधोमध त्याच्या बोल्टचं भोक उघडं राहतं. खाडीचं वारं त्यातून आत शिरतं आणि चिमटा आतून सडत जातो, बाहेरून काही दिसत नाही. म्हणून मी त्या भोकात रबराचं बूच ठोकतो. पहिल्या सायकलीचं ठोकलं, दुसरीचं ठोकायला घेतलं, तर बूच नीट बसेना. कुंदा पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभी होती. तशीच उभी राहून म्हणाली, "घट्ट बसव, दादूस."